रॅम टाकायची म्हणतोय पोरगा

"चाळीस हजार मागतोय, ताई. रॅम टाकायची म्हणतोय."

वहिनी कुंपणापाशी आल्या की प्रस्तावना नसते. मेंदी यंदा कापायची राहिली आहे, त्यामुळे मला त्यांचा फक्त चेहरा आणि कढीपत्ता धरलेला हात दिसत होता. दोन्ही वैतागलेले.

"कोण, चिन्या? तो लाल दिव्यांचा लॅपटॉप?"

"तोच. इंजिनीअरिंगला लागतो म्हणून घेतला. इंजिनीअरिंगचं काय चाललंय ते देवाला माहीत, पण रात्री दोनपर्यंत गोळीबार ऐकू येतो. आता म्हणे अडकतो. दुकानदारानं सांगितलंय, चौसष्ट जीबी रॅम टाका, दोन टीबीची जेन फाइव्ह एसएसडी टाका, आणि ग्राफिकची मेमरीही वाढवून देतो म्हणाला."

"ग्राफिकची मेमरी वाढवून देतो? असं म्हणाला?"

"चिन्या तरी तसंच सांगत होता."

"मग वहिनी, त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका."

मी टेलिफोन खात्यात होते. एक्स्चेंजच्या रॅकमधली कार्डं काढायची आणि बसवायची, यातच नोकरी गेली. त्यामुळे लॅपटॉपचं झाकण उघडायची मला भीती वाटत नाही, आणि निवृत्तीनंतर कॉलनीतल्या पोरांची वर्दळ माझ्याच व्हरांड्यात. साहजिकच कुणी काय टाकून घेतलं आणि कोण कुठे फसलं, ही खबर सगळ्यात आधी माझ्याकडे येते.

"त्याच्या लॅपटॉपात आरटीएक्स ३०५० आहे, ४ जीबीचं," मी म्हटलं. "ती चिप आणि तिची मेमरी दोन्ही मदरबोर्डावर झाळून बसवलेली असते. तिला ना स्लॉट, ना स्क्रू. घेताना चार मिळाली, ती मरेपर्यंत चारच. साधी रॅम कितीही ओता, ग्राफिकची मेमरी भरली की खेळ अडकणारच. तिथे उपाय एकच, खेळाच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर मीडियमवर आणायचं. त्याला पैसे पडत नाहीत."

"हे त्यानं मला सांगितलंच नाही!"

"त्याला तरी कोण सांगणार? दुकानदार? बोलवा त्याला. लॅपटॉप घेऊन ये म्हणावं."

चिन्या आला. केस विस्कटलेले, गळ्यात हेडफोन. लॅपटॉप कुंपणाच्या खांबावर ठेवला. मी म्हटलं, "टास्क मॅनेजर उघड. परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली काय लिहिलंय ते आईला वाचून दाखव."

"स्पीड ३२००. स्लॉट्स यूज्ड, वन ऑफ टू. फॉर्म फॅक्टर सोडिम."

"म्हणजे काय?" वहिनी.

"म्हणजे रॅमच्या दोन जागा आहेत, त्यातली एक रिकामी. आत ८ जीबीची एकच स्टिक आहे. कंपन्या स्वस्तातल्या लॅपटॉपात सर्रास असंच देतात. लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी असला की भात कितीही शिजलेला असो, पानं रिकामीच राहतात. दुसरा वाढपी आला की पंगत सरकते. तसंच हे. एका स्टिकवर प्रोसेसरला ६४ बिटांची वाट मिळते, दोन स्टिकवर १२८. ड्युअल चॅनल म्हणतात त्याला. खेळताना मधेच जो झटका बसतो ना, तो यानं बराच कमी होतो. ज्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक कार्डच नसतं, तिथे तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो."

"मग चौसष्ट का सांगितली?"

"त्याला विकायची आहे म्हणून. का रे चिन्या, खेळतोस काय तू?"

"व्हॅलोरंट," चिन्या पुटपुटला.

"व्हॅलोरंटला ४ जीबी पुरतात, वहिनी. कंपनीनंच लिहिलंय."

वहिनींनी पोराकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन मी करत नाही.

"पण मावशी, मला सायबरपंक पण खेळायचाय! आणि बाल्डर्स गेट!"

मुद्दा बरोबर होता. सायबरपंक २०७७ ला २०२३ पासून किमान १२ जीबी लागतात. बाल्डर्स गेट ३ चालतो आठावर, पण शिफारस सोळाची. स्टारफील्ड तर सोळाच्या खाली विचारतच नाही. शिवाय खेळताना मागे क्रोमचे टॅब उघडे, डिस्कॉर्डवर मित्रांचा गोंगाट चालू. विंडोज स्वतःचे तीन-चार जीबी खातं ते वेगळंच. म्हणजे आठ अपुरे हे खरं, पण चौसष्ट ही चैन. आणखी एक ८ ची स्टिक रिकाम्या जागेत टाकली की सोळा होतात, वर दुसरा वाढपी. पुढे प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल मशीन चालवायची, व्हिडिओ एडिटिंग करायचं, तर बत्तीस. त्यापुढे खेळासाठी जायचं काही कारण नाही.

"आठ आणि सोळा अशी मिसळ चालते का?" चिन्यानं विचारलं. पोरगं हुशार आहे, वाया गेलेलं नाही.

"चालते. आठात आठ जुळतात तेवढा भाग दुहेरी वाटेनं चालतो, उरलेला आठ एकेरी. शोभेचं नाही, पण चालतं. फक्त वेग लक्षात ठेव. ३२०० च्या शेजारी २६६६ ची स्टिक बसवलीस तर दोन्ही २६६६ नं चालणार."

एवढ्यात समोरचे अण्णा काठी टेकत आले. बँकेतून निवृत्त, दोन वर्तमानपत्रं पाठ, आणि 'एआय' हा शब्द ऐकू आल्याशिवाय किंवा स्वतः उच्चारल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही.

"रॅम घेताय? आत्ता? भाव बघितलात का?"

"तेच तर म्हणतेय मी," वहिनींना बळ आलं. "मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांनी घेतली तेव्हा निम्म्यातसुद्धा आली होती!"

"येणारच. जगातली बहुतेक सगळी रॅम तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आता एआयच्या सर्व्हरना लागते ती एचबीएम नावाची मेमरी. तिच्यात नफा दांडगा, म्हणून कारखाने तिकडे वळले. आपल्या वाट्याला उरलंसुरलं. २०२५ च्या शेवटी भाव दुपटीच्या वर गेले. आणि मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच करून टाकलं, क्रुशल हा आपला ग्राहकांचा ब्रँड बंद. फेब्रुवारी २०२६ नंतर माल पाठवणार नाही."

"क्रुशल? मी तीच घेणार होतो!" चिन्या.

"दुकानात जुना साठा दिसला तर घ्यायला हरकत नाही, वॉरंटी पाळू असं कंपनीनं सांगितलंय," मी म्हटलं. "पण अण्णा म्हणतात त्यात तथ्य आहे. त्यात चिन्याची रॅम डीडीआर४. ती तर कंपन्या हळूहळू बंदच करायच्या मागे आहेत. म्हणून दोन्ही स्टिक नव्या घ्या, जुनी काढून फेका, हा सल्ला आज शुद्ध उधळपट्टी. असलेली ठेव, एक जोडीला आण. जुनी वापरलेली मिळाली तरी चालेल. रॅममध्ये झिजण्यासारखं काही नसतं. फक्त घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट लावून ठेव. एक जरी चूक दाखवली तर सकाळी परत."

"आणि एसएसडीही वापरलेली?"

"ती नको. ती लिहून लिहून झिजते. आणि बाजारात फसवणूक किती, ते मागच्या गल्लीतल्या सरांना विचार."

"काय झालं सरांचं?" वहिनींनी कढीपत्ता कठड्यावर ठेवला. आता बैठक लांबणार हे नक्की झालं.

"तुम्हाला माहीतच नाही? सरांनी ऑनलाइन सोळा टीबीची पोर्टेबल डिस्क मागवली. जेमतेम हजार-बाराशेला."

"अरे वा!"

"वा काय? जोडल्यावर सोळा टीबी दिसते. आत उघडली तर एक छोटं मेमरी कार्ड, यूएसबीच्या तुकड्यावर डकवलेलं. कार्ड भरलं की नवीन फाइल जुनीवर बसते. मुलीच्या लग्नाचे फोटो टाकले होते त्यांनी. नावं सगळी दिसतात, उघडत एकही नाही. खरी सोळा टीबीची एसएसडी घ्यायची तर एक बरा लॅपटॉप त्या पैशात येईल, हे कुणी विचारात घेतलं नाही."

"अगं बाई! म्हणून सरांच्या मिसेस परवा भिशीला आल्या नाहीत!"

सरांच्या घरातल्या पुढच्या गोष्टी मी इथे लिहीत नाही, शेजारधर्म आहे.

मूळ मुद्द्यावर यायचं तर चिन्याची खरी अडचण रॅमपेक्षाही जागेची होती. त्याचा सी ड्राइव्ह लालेलाल. डब्यावर ५१२ जीबी लिहिलेलं असतं, विंडोजमध्ये ४७६ दिसतात. यात लबाडी नाही. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. एक टीबीची घेतली तरी ९३१ च दिसणार.

"आता तुझ्या खेळांची बेरीज कर," मी चिन्याला म्हटलं. "रेड डेड रिडेम्प्शन २?"

"दीडशे जीबी."

"बाल्डर्स गेट ३?"

"दीडशे."

"जीटीए ५ ची नवी आवृत्ती?"

"एकशे पाच. आणि सायबरपंक सत्तर."

"झाले चारशे पंच्याहत्तर. तुझ्याकडे आहेत चारशे शहात्तर. विंडोजला राहायला खोली कुठे आहे?"

अण्णा खो खो हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात अजून चाळीस हजार फिरत होते.

"मग दोन टीबी घ्यावीच लागेल का?"

"चारच्या चार खेळ एकदम कोण खेळतं? एक टीबी पुरे. आणि जेन फाइव्ह तर मुळीच नको. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते. साटा एसएसडी साधारण साडेपाचशे. एनव्हीएमई जेन थ्री साडेतीन हजारांपर्यंत, जेन फोर सात हजारांपर्यंत, जेन फाइव्ह चौदा हजारांच्या घरात. कागदावर डोळे दिपतात. पण हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की खेळ मिनिटाऐवजी काही सेकंदांत उघडतो, तिथे खरी मजा आहे. जेन थ्रीवरून जेन फोरवर गेलात तर एखाद-दुसरा सेकंद वाचतो. आणि याच्या लॅपटॉपातला दुसरा, रिकामा स्लॉट आहे जेन फोरचा. त्यात जेन फाइव्ह बसेल, चालेल, पण जेन फोरच्याच वेगानं. वर तापेल ती वेगळीच."

"तापण्यावरून आठवलं," वहिनी म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या मुलाचं काहीतरी झालं ना?"

"त्यानं हीटसिंकवाली एसएसडी आणली. वर ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा. तो डेस्कटॉपसाठी असतो. लॅपटॉपात घातली आणि झाकण लागेना. रॅमचीही तीच गत. डीडीआर५ ची स्टिक आणली होती, त्याचा लॅपटॉप डीडीआर४. दोघींची खाच वेगळ्या जागी असते, एकीत दुसरी जातच नाही. तरी अंगठ्यानं दाबत बसला. नशीब, स्लॉट तुटला नाही."

"डॉक्टरांचा मुलगा आणि असं!"

"आणि दुसऱ्या टोकाच्या बंगल्यातल्या मुलीची उलटीच तऱ्हा. तिनं पातळ, हलका लॅपटॉप घेतला, दिसायला सुरेख. आता रॅम वाढवायची म्हणते. वाढणारच नाही. आतली रॅम एलपीडीडीआर५एक्स, बोर्डावरच झाळलेली. आसूसचा झेफायरस जी १४ बघा. आधी निम्मी रॅम झाळलेली आणि निम्मी स्लॉटमध्ये असायची. २०२४ पासून सगळीच झाळलेली. असा लॅपटॉप घेताना पहिल्याच दिवशी पुरेशी रॅम घेऊन ठेवायची, नंतर हळहळून उपयोग नाही."

मग मी चिन्याला एसएसडीची यादी सांगितली. एम.२, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. एनव्हीएमई, जेन फोर. एका बाजूलाच चिपा असलेली, म्हणजे खाली अडणार नाही. टीएलसी पेशींची. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल उतरवताना तिची राखीव जागा भरली की वेग एकदम बसतो. स्वतःची डीरॅम नसली तरी खेळांसाठी बिघडत नाही, ती लॅपटॉपच्या रॅममधून थोडी उसनी घेते. आणि वॉरंटी पाच वर्षांची.

"किती वर्षं टिकते हो?" अण्णांमधला बँकवाला जागा झाला.

"चांगल्या एक टीबीच्या टीएलसी एसएसडीवर साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी बारा हजार दिवस. बत्तीस वर्षं."

"तोवर मी नसेन," अण्णा म्हणाले.

"लॅपटॉपही नसेल," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सामान आलं. ८ जीबीची एक स्टिक, एक टीबीची एसएसडी. काम माझ्या व्हरांड्यात झालं, वहिनी कुंपणापलीकडून देखरेखीला. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. स्टार स्क्रू ड्रायव्हरनं मागचे स्क्रू काढले आणि जिथून जो काढला त्याच जागी कागदावर मांडला, कारण पुढचे दोन आखूड असतात आणि लांब स्क्रू तिथे घातला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. झाकणाच्या फटीत लोखंडी पातं घालायचं नाही, जुनं एटीएम कार्ड फिरवायचं. कट् कट् करत एकेक खटका सुटतो. आत पहिलं काम बॅटरीची पिन काढणं. मग कपाटाच्या लोखंडी दाराला हात लावायचा, अंगातली वीज तिथे जाऊ द्यायची.

रॅमची स्टिक सरळ बसत नाही. खाच जुळवून साधारण तीस अंशांच्या तिरकस कोनात आत सरकवायची, सोनेरी दात दिसेनासे होईपर्यंत. मग वरून हलकेच दाबायची. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिपा कडांवर बसतात तेव्हा बारीक 'टक्' होतं. ते ऐकू आलं नाही तर ती बसलेली नाही. एसएसडीही तशीच तिरकी घालून खाली दाबायची आणि टोकाला एक चिमुकला स्क्रू. तो हरवला तर दुकानदार वेगळा देत नाहीत, म्हणून चिन्याच्या मुठीत दिला होता.

झाकण लावलं, बटण दाबलं. स्क्रीन काळी.

"गेला!" वहिनी ओरडल्या. "पंचाऐंशी हजारांचा लॅपटॉप गेला!"

"थांबा हो. नवीन रॅम दिसली की तो आधी तिची चाचणी घेतो. डीडीआर५ असती तर काही मिनिटंसुद्धा लागली असती. बटण दाबून ठेवायचं नाही, चहा ठेवायचा."

चहाला उकळी यायच्या आत कंपनीचं चिन्ह उमटलं. टास्क मॅनेजरमध्ये सोळा, दोनपैकी दोन. आता चिन्याचा चेहरा पडला. "मावशी, एसएसडी दिसतच नाही. खराब निघाली."

खराब काही नव्हती. कोरी डिस्क आपोआप दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती जीपीटी म्हणून सुरू करायची, फॉरमॅट करायची, अक्षर द्यायचं. मग स्टीमच्या स्टोरेजमध्ये 'मूव्ह' म्हटलं की खेळ जसाच्या तसा नव्या डिस्कवर जातो, दीडशे जीबी पुन्हा डाउनलोड करायला नको. मूळची एसएसडी आम्ही हलवलीच नाही. ती बदलायची असती तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की लिहून ठेवावी लागली असती. ती नसेल तर काढलेल्या डिस्कवरचा डेटा कुलुपात अडकू शकतो.

खर्च चाळीस हजारांच्या निम्म्याच्याही आत राहिला. भाव चढलेले असूनही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा चिन्या आहे त्यांना एवढंच सांगणं. दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजर उघडून स्लॉट किती आणि रिकामे किती ते बघा. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून रॅमची जात, जास्तीत जास्त किती चालते, आणि एम.२ चे स्लॉट किती व कुठल्या मापाचे, हे कागदावर लिहून घ्या. झाकण उघडल्यानं वॉरंटी जाते का, हेही तिथेच विचारा. सील फोडलेलं पाकीट घेऊ नका, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. रिकामा स्लॉट भरा, जागा वाढवा. आणि ग्राफिकची मेमरी वाढवून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.